निळी दोरी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. थोडं इकडंतिकडं होतं, पण खाडीवर जाणाऱ्याला तेवढं चालतं. हे गणित मला नानांनी उघाडीवर बसून शिकवलं. शाळेत पाऊणकी घोकून घेत, पण ती कशाला लागते ते मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव धरमतर खाडीच्या काठचं, अलिबाग तालुक्यातलं. खाडीचा एक फाटा गावाच्या बांधापर्यंत येतो. बांधाच्या आत भातखाचरं, बाहेर तिवरं आणि चिखल. पावसाचं पाणी बाहेर जावं आणि भरतीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून बांधाला दगडी उघाडी आहे. तिच्या तोंडाशी पाणी खोल. भरती लागली की तिवरांच्या मुळांतल्या, चिखलातल्या बिळांतल्या चिंबोऱ्या चरायला बाहेर पडतात आणि उघाडीकडं सरकतात. म्हणून फग टाकायची जागा तीच.

ज्यांनी फग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी सळीचं हातभर रुंदीचं कडं, त्याला खाली झोळीसारखं लोंबणारं जाळं, कड्याच्या मधोमध ताणलेल्या सुतळीला बांधलेला चारा. चारा म्हणजे मुशीचं डोकं, नाहीतर कोंबडीचे पाय. कड्याला तीन दोऱ्या, त्या वर एकत्र बांधून एक लांब दोरी, आणि दोरीच्या टोकाला तुटक्या चपलेचा नाहीतर थर्माकोलचा तुकडा, पाण्यावर तरंगायला. फग तळाला पसरून बसतो. चिंबोरी येते, चाऱ्यावर बसते, नांग्यांनी तोडून खात राहते. पंधरा-वीस मिनिटांनी काठीनं दोरी ओढून फग एका झटक्यात वर घ्यायचा. हळू घेतला की चिंबोरी कड्यावरून उतरून जाते. उशिरा घेतला तर चारा खाऊन निघून गेलेली असते. म्हणजे फग लावून घरी जाऊन झोपता येत नाही. माणसानं तिथं बसायलाच लागतं.

हे मी मुद्दाम सांगतोय. पुढं जे झालं त्याचं मूळ यातच आहे.

लहानपणी मी नानांच्या बरोबर जायचो. नाना म्हणजे शेजारच्या घरातले, माझ्या वडिलांच्या चुलतभावासारखे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना खाडीचं वेड नव्हतं, नानांना होतं. त्यांनी मला फग विणायला शिकवला. नांग्या मागून कशा धरायच्या, सुतळीचा एकच वेढा देऊन चिंबोरी कशी बांधायची, ओल्या गोणपाटात ती दोन-तीन दिवस कशी जिवंत राहते, सगळं शिकवलं. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असं ते म्हणायचे. हाताला हलकी लागली की परत सोडून द्यायचे. पोटाखाली अंड्यांचा गुच्छ घेतलेली मादी त्या काठावर क्वचितच मिळायची. त्या अंडी घालायला समुद्राकडं जातात. मिळालीच तर नाना तिला हात जोडून पाण्यात ठेवायचे.

चोरीचा एक नियम मात्र मला दादांनी सांगितला होता, आणि त्यांना तो आजीनं. चरीचा शेतकऱ्यांचा संप झाला, १९३३ ते १९३९, तेव्हा आजी लहान होती. कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत आणि सहा वर्षं घरात भात आलं नाही. आजी सांगायची, त्या वर्षांत डोंगरातल्या लाकडानं आणि खाडीनं आम्हाला जगवलं. "बांधाच्या अलीकडं खोत, पलीकडं देव," हे तिचं वाक्य. खाडीत कुणीही उतरावं, कुणालाही मिळावं. पण दुसऱ्याच्या फगाला हात लावायचा नाही. कारण त्यात खाडीशिवाय आणखी काहीतरी असतं. त्या माणसानं चारा लावलेला असतो, तो भरतीभर बसलेला असतो. आणि बसलेल्याकडं कुणी कालवणापुरती चिंबोरी मागितली, तर नाही म्हणायचं नाही. एवढाच कायदा. लहानपणी मी कधी फग चोरीला गेल्याचं ऐकलं नाही. तेव्हा वाटायचं, गाव प्रामाणिक होतं. आता वाटतं, प्रामाणिक असेलही, पण फगाजवळ त्याचा मालकही बसलेला असायचा.

नोकरीला मी पनवेलला गेलो आणि तिथलाच झालो. शनिवारी पोयनाडला एसटीतून उतरायचं, रविवारी संध्याकाळी परत. त्यातही बायकोची यादी, घराची कौलं, कुणाचं लग्न. भरतीची वेळ आणि माझी वेळ जुळेना. अशात बाजारात घडीचे पिंजरे दिसले. सळ्यांची चौकट, भोवती नायलॉनचं जाळं, दोन बाजूंना आत निमुळती होत जाणारी तोंडं. चिंबोरी आत शिरते, तिला बाहेरची वाट सापडत नाही. चारा घालायचा, पिंजरा सोडायचा, घरी येऊन जेवून झोपायचं, सकाळी ओहोटीला उचलायचा. मी पाच घेतले, आणि बरोबर जाड निळी दोरी, नवी कोरी.

नानांना दाखवले. त्यांनी तोंडात हात घालून पाहिला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "आनि तू खंय बसनार?"

"बसायचं नाही नाना. तेच तर याचं सुख आहे."

"मंग ह्याला राखनार कोन?"

मी हसलो. पहिल्या रविवारी पाच पिंजऱ्यांत अकरा चिंबोऱ्या मिळाल्या. इतक्या मी फगांवर कधी एका रात्रीत पाहिल्या नव्हत्या. दोन नानांकडं दिल्या. त्यांनी घेतल्या, पण फार काही बोलले नाहीत.

महिनाभरानं एक पिंजरा रिकामा आला. चारा संपलेला, जाळीत चिंबोरीचे तुटके पाय, आणि चिंबोरी नाही. तोंड बांधायची गाठ मी सरकती मारायचो, ती आता दुहेरी आवळलेली होती. रात्री कुणीतरी उचलून, काढून घेऊन, परत सोडला होता. हे मला इतकं लागलं की मलाच आश्चर्य वाटलं. चार चिंबोऱ्यांचा तो काय हिशोब? बाजारातून घेतल्या असत्या तरी घर बुडणार नव्हतं. पण आपल्या गाठीच्या जागी दुसऱ्याची गाठ पाहिली की अंगावर काटा येतो. आपल्या घरात कुणीतरी येऊन पाणी पिऊन, भांडं पालथं घालून गेल्यासारखं वाटतं.

पुढच्या खेपेला एक पिंजराच नव्हता. दोरीचं टोक तिवराच्या खुंटाला तसंच होतं, कोयत्यानं एका घावात कापलेलं, सरळ. उरले चार.

मग मी काय काय केलं ते आता सांगायला लाज वाटते. प्रत्येक सळीवर तापल्या खिळ्यानं आणि रंगानं माझ्या नावाचं अक्षर टाकलं. वर तरंगणारा थर्माकोल काढून टाकला, म्हणजे पिंजरा कुठं आहे ते मलाच ठाऊक. दोऱ्या पाण्याखाली बांधायला लागलो. दोन पोरांना रात्री लक्ष ठेवायला पैसे दिले. ती पोरं नाक्यावर मोबाईल बघत बसायची. ग्रामपंचायतीत विषय काढला, तर एकजण म्हणाला, चिंबोऱ्यांना आता आधार कार्ड काढून देऊ. सगळे हसले, मीही हसलो. पण घरी जाताना ज्याच्या त्याच्या दाराकडं बघत गेलो. कुणाच्या ओट्यावर गोणपाट ओलं आहे, कुणाच्या चुलीवर चिंबोरीच्या रश्शाचा वास येतोय. ज्या गावात मी जन्मलो त्या गावात मी वास घेत फिरत होतो.

कार्तिकातली अमावास्या आली. उधाणाचं पाणी मोठं होतं. शनिवारी संध्याकाळी ओहोटीला मी चारही पिंजरे सोडले. तिवराच्या खुंटांना बांधले तर दिसतात, म्हणून दोन पिंजरे उघाडीच्या दगडांना, अगदी खाली, पाण्याखाली जाईल अशा ठिकाणी बांधले. मध्यरात्रीच्या सुमारास भरती पूर्ण होणार, सकाळी ओहोटीला उचलायचे.

सकाळी तिवराकडचे दोन होते. उघाडीवरचे दोन नव्हते. दोरीचा तुकडासुद्धा नाही. खाली दगडांजवळ पाणी अजून होतं, आणि मी फार वाकून पाहिलंही नाही. मला काय झालंय ते आधीच माहीत होतं.

तसाच नाक्यावर गेलो. चहाच्या टपरीवर पाच-सहा माणसं होती आणि नाना होते. खांद्यावर फग, हातात ओलं गोणपाट. एका फगाला जुन्या काळ्या दोरीऐवजी निळी दोरी होती. जाड, नवी.

"ही दोरी कुठून आणलीत तुम्ही?" मी विचारलं.

नाना माझ्याकडं बघत राहिले. "तुमी?" ते म्हणाले. "तू मना तुमी बोलतंस?"

लहानपणापासून मी नानांना "तू"च म्हणत आलो. आमच्याकडं घरच्या वडीलमाणसाला तू म्हणतात, तुम्ही म्हणतात ते तलाठ्याला. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला कळलं नाही. पण निघालं ते निघालं.

"दोरी कुठली ते सांगा."

"वावत आयली. तिवरात गुतली होती, सोरवून ग्हेतली."

"आणि तिच्या टोकाचा पिंजरा? तोही वाहत गेला का?"

टपरीवरचा कप खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला, एवढी शांतता झाली. नाना काही बोलले नाहीत. गोणपाट खाली ठेवलं, तोंड सोडलं, आणि आतल्या तीन चिंबोऱ्या माझ्या पायाशी ओतल्या. बांधलेल्या होत्या, एकेरी वेढ्यानं, त्यांच्या नेहमीच्या. मग रिकामं गोणपाट झटकून निघून गेले. मी त्या चिंबोऱ्या उचलल्या नाहीत. कुणी उचलल्या मला माहीत नाही.

संध्याकाळी पनवेलला निघताना पाहिलं, तर आमच्या फाटकाला निळी दोरी अडकवलेली होती. नीट वेटोळं करून, गाठ मारून. मला वाटलं, कबुली दिली. दोरी तशीच माळ्यावर फेकली आणि एसटी गाठली.

पंधरा दिवसांनी दत्तजयंती आली. मधल्या शनिवारी मी गावी गेलो नव्हतो, जाववलं नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले दोन पिंजरे घरी आणावेत म्हणून बांधावर गेलो. उधाणाची ओहोटीही खोल असते. भांगाच्या दिवसांत जो चिखल पाण्याखालीच राहतो, तो अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागेच उघडा पडतो. फाट्याच्या वळणावर, उघाडीपासून पाऊणशे पावलांवर, तिवरांच्या मुळांत मला काहीतरी चौकोनी दिसलं.

मांडीपर्यंत चिखलात रुतत तिथं गेलो. माझाच पिंजरा. सळीवर माझंच अक्षर. तो पंधरा दिवस तिथंच होता आणि पंधरा दिवस त्याचं काम करत होता. आत चिंबोऱ्यांची कवचं होती. मोजली, सात भरली. चारा संपल्यावर आत आलेलीच एकमेकींचा चारा झाली होती. एक जिवंत होती, मोठी, एका नांगीची. मला पाहून कोपऱ्यात सरकली आणि उरलेली नांगी उगारून बसली. तोंड सोडलं, पिंजरा उलटा केला. ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. मग आली आणि चिखलात शिरली.

पिंजऱ्याला वीतभर निळी दोरी शिल्लक होती. तिचं टोक कापलेलं नव्हतं. पिंजलेलं होतं, कापसासारखं.

तसाच उघाडीवर आलो. पाणी उतरलेलं, दगड उघडे. ज्या दगडाला मी दोरी बांधली होती त्याच्यावर कालवं होती, थरावर थर, पात्यासारखी धार असलेली. अजून एका कालवात निळे धागे अडकलेले होते. उधाणाच्या ओढीला पिंजरा रात्रभर हेलकावे खात राहिला असणार आणि दोरी कालवांवर घासत राहिली असणार. मी दहा वर्षांचा असताना नानांनी मला सांगितलं होतं, "कालवांच्या दगराला दोरी बांदू नको, तिवराला बांद." चोरापासून लपवायच्या नादात मी ते विसरलो होतो.

घरी येऊन माळ्यावरची दोरी काढली. तिची दोन्ही टोकं पिंजलेली होती. पंधरा दिवस माझ्याच घरात, माझ्या डोक्यावर ती पडून होती. मी एकदाही टोक बघितलं नव्हतं.

नानांच्या घरी गेलो तेव्हा अंगावरचा चिखल वाळायला लागला होता. काकी म्हणाल्या, मागं आहेत. ते परसात फग विणत बसले होते. मी पिंजरा खाली ठेवला, दोरीची टोकं पुढं केली. त्यांनी ती बोटांत धरून चोळली.

"कालवांनी कापली," ते म्हणाले.

"हो."

"दुसरा?"

"नाही सापडला."

"आनि आदी नेला त्यो?"

"तो कोयत्यानं कापलेला होता, नाना. तो कुणीतरी नेलाच."

"नेला असल," ते म्हणाले आणि परत विणायला लागले. मी माफी मागितली. नीट, जशी ठरवून आलो होतो तशी. त्यांनी ऐकून घेतली. मग सुई न थांबवता म्हणाले, "हतं कशाला सांगतंस? हतं मी एकलाच हाय. मना म्हायती हाय मी ग्हेतला नाय. जतं बोललास ततं सांग."

एखाद्या माणसाला चोर म्हणायला एक वाक्य पुरतं, हे मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर. परत घ्यायला किती वाक्यं लागतात याला हिशोब नाही. मी पिंजरा घेऊन गेलो, दोरी दाखवली, दगड, कालवं, उधाण, सगळं सांगितलं. लोकांनी "अरे गेलं ते, जाऊ दे" असं म्हटलं, जणू मीच विसरलेली गोष्ट उकरत होतो. एकानं विचारलं, "म्हंजे नानानं नव्हता नेला?" त्या प्रश्नानं मला कळलं, की पंधरा दिवस गावात निदान एका माणसाच्या मनात तो प्रश्नच नव्हता. नाना बाकावर बसून चहा पीत होते. चहा संपला, कप विसळला, आणि ते गेले. माझ्याकडं पाहिलं नाही.

चोर कोण, ते मला आजही माहीत नाही. एक पिंजरा खरोखर कापून नेला होता, एकाच्या चिंबोऱ्या खरोखर काढल्या होत्या, आणि एक आजतागायत सापडलेला नाही. तो कुणाच्या घरी असेल किंवा खाडीच्या तळाशी. तळाशी असेल तर त्याला चारा लावायचीही गरज नाही, हे मी आता पाहिलं आहे. नेणाऱ्यापेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पुढच्या तीन-चार उधाणांच्या ओहोट्यांना मी फाट्याच्या दोन्ही काठांनी तो शोधत चिखल तुडवला.

उरलेले पिंजरे मी मोडले. सळ्या सरळ करून त्यांची कडी वाकवली आणि तीन फग विणले. आता शनिवारी भरतीची वेळ जमली तरच जातो, नाही जमली तर जात नाही. मिळतात त्या दोन-चार. कधी मिळत नाहीत. पण तिथं बसलेलं असल्यामुळं कुणी काही नेत नाही, आणि कुणी मागितली तर देता येते. पिंजऱ्यांच्या दिवसांत माझ्याकडं कुणी चिंबोरी मागायला आलं नव्हतं, हे मला नंतर आठवलं. मागायला यावं असा माणूसच तिथं नसायचा.

नाना उघाडीच्या पलीकडच्या अंगाला बसतात. पूर्वी आम्ही एकाच अंगाला बसायचो. पहिल्या पावसाळ्यापर्यंत ते बोलले नाहीत. गणपतीत काकींच्या हाताखालून प्रसाद आला, त्यांच्याकडून शब्द नाही. मीही जवळ जाऊन बसायचा हट्ट केला नाही. जागा त्यांनी निवडली होती.

गेल्या माघात एकदा अष्टमीला दोघंही होतो. भांगाचं पाणी, संथ. अंधार पडत आलेला. मी घरच्या कसल्यातरी विचारात होतो, फगांकडं लक्ष नव्हतं. पलीकडून आवाज आला, "आरं, तुजा मदला उचल. कवापासना हालतंय."

मी झटक्यात ओढला. कड्यात एक चांगली मोठी होती.

"भरलेली हाय का?"

मी हातात तोलून पाहिली. "हलकी आहे, नाना. तू म्हणशील तर सोडतो."

पलीकडून काही उत्तर आलं नाही. त्यांनी आपला फग उचलला, चारा नीट केला, परत सोडला. मी ती सोडून दिली.